पिंप टेकेपर्यंत

सासूबाईंनी परतीची दोन तिकिटं सकाळीच काढून ठेवली होती. सून नापास होणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. खरं सांगायचं तर तशी इच्छाच होती. का नसावी? मुलगा गेल्यापासून घरात दोघीच. ही शहरात राहिली, तर भांडायलासुद्धा कुणी उरणार नाही!

सगळा घोळ रोजगार कार्यालयाने घातला. गावात गाडी घेऊन आले, बायकांनाही क्रेन चालवायला शिकवतो म्हणाले, आणि ही बया शिकलीसुद्धा. आज शेवटची परीक्षा. पास झाली, तर गावाकडे आठवडाभर खुरपून जे हाती पडतं, ते इथे एका दिवसात मिळणार.

"म्हणजे तिथला घाम खोटा आणि इथला खरा का हो?" सासूबाईंनी कार्यालयातल्या मॅडमना विचारलं.

मग सून क्रेनची शिडी चढू लागली आणि सासूबाई मान वर करून बघू लागल्या. अबब, केवढी ती उंची! सून लहान लहान होत गेली आणि वरच्या काचेच्या खोलीत दिसेनाशी झाली.

खाली पाण्याने काठोकाठ भरलेलं पिंप होतं. ते उचलून दोन खांबांमधून पलीकडे न्यायचं आणि आखलेल्या चौकोनात टेकवायचं. पाणी सांडलं की नापास.

पिंप अलगद उचललं गेलं. तो अजस्र लोखंडी हात आभाळात फिरला, आणि फिरवत कोण होतं, तर आपली सून! विहिरीवरून येताना अर्धी घागर सांडते म्हणून जिला इतकी वर्षं घालूनपाडून बोलल्या, तीच. सासूबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. खांबांपाशी पिंप हेलकावलं, तशा त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या, "सांभाळ गं बाई!"

एवढ्या वर ऐकू जाणार थोडंच? पण पिंप थांबलं, स्थिरावलं आणि हळूच टेकलं.

सून खाली उतरली. परीक्षक बाजूला उभा असताना तिने विचारलं सासूलाच, "आई, सांडलं का हो?"

सासूबाई खाली बसल्या. पिंपाभोवती सगळीकडे तळहात फिरवला. खोट काढण्यात पटाईत बाई, पण आज काही सापडेना.

"कोरडं आहे गं पोरी," त्या म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

संध्याकाळी गाडीत शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून एकाने विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"बसा," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीतून दूरच्या क्रेनकडे बोट दाखवलं. "जिची जागा होती, ती आता तिकडे वर बसते."