शेवटचं पाणी

यास्मीननं रिकामी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढुरका घेर होता. बोट फिरवून तिनं ते जिभेला लावलं. प्रयोगशाळेत असं काही करू नये, हे ती स्वतःच मुलांना बजावायची. चव खारट होती.

दोन वर्षांपासून ती कपाशीच्या पानांतले आरएनएचे बारीक तुकडे तपासत होती. जेमतेम वीस-एकवीस अक्षरांचे ते तुकडे. झाडाला पाण्याचा ताण पडला की त्यांच्या टोकावरची इवलीशी टोपी टिकते की गळते, एवढाच तिचा प्रश्न होता. टोपीचं वजन जेमतेम चौदा हायड्रोजन अणूंएवढं. इतकं बारीक वजन करणारं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, अकोल्यात नव्हतं. नागपूरला नंबर लावून महिनोन्‌महिने थांबावं लागे. तिचा नंबर तीनदा लागला आणि तीनदा तेच झालं. तुकड्याला मिठातलं सोडियम चिकटलं की वजन बावीसनं वाढतं, आणखी चिकटलं की आणखी बावीसनं. एका आकड्याच्या जागी आकड्यांची जत्रा भरते. त्या जत्रेत चौदाची टोपी कुठून सापडणार?

तिचे मार्गदर्शक गावंडे सर यांनी स्पष्टच सांगितलं होतं, की गुरुवारचा नमुनाही खारट निघाला तर हा भाग प्रबंधातून काढायचा आणि यंत्राचा वेळ त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला, नितेशला द्यायचा. तिनं रसायनं बदलली, हातमोजे बदलले. दुधानं तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं, तसं चाललं होतं. बाटल्यांवर मात्र तिचा कधी संशय गेला नाही. बाटल्या प्रयोगशाळेतले जुने शिपाई नत्थुजी धुवायचे, आणि पंचवीस वर्षांत नत्थुजींच्या कामाला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

नत्थुजी दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. यास्मीनचं गावही त्याच पट्ट्यात. तिथं बोअरच्या खारट पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून गोडं पाणी फक्त पिण्याला आणि रांधण्याला. लहानपणी त्या गोड्या पाण्यानं ताटं विसळली म्हणून अम्मीनं तिला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. धुतलेली बाटली शेवटी तीनदा डिस्टिल्ड पाण्यानं विसळायची, असा नियम प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेला होता. पण त्यासाठी नत्थुजींचा हात उठतच नसणार. इथल्या बोअरच्याच पाण्यानं ते बाटल्या लखलखीत करत आणि चांगल्या पाण्याचे कॅन तिच्यासाठी भरलेले ठेवत. तिनं रागवायचा प्रयत्न करून पाहिला. राग काही येईना.

बाटल्या कोण धुतं, असं सरांनी विचारलं तेव्हा तिनं स्वतःचं नाव सांगितलं. बुधवारी ती तासभर लवकर आली. नत्थुजींना कळायच्या आत सगळ्या बाटल्या पुन्हा धुऊन टाकायच्या, म्हणजे कोणाला काही सांगायला नको.

तिसरी बाटली हातात होती, तेवढ्यात नत्थुजी डबा घेऊन दारात आले. बेसिनमध्ये वाहून जाणारं पाणी पाहून ते तिथंच थांबले.

"चांगलं पानी काहून सांडून राहिली, बेटा? म्या धुतल्या ना काल."

यास्मीननं नळ्यांच्या स्टँडकडे पाहिलं. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्यांच्यापुढे जमलं नाही.

"बोअरच्या पान्याचं मीठ रायते, नत्थुजी. माह्या नमुन्याले तेच चिकटते."

"तिनी खेपेले?"

"हो."

नत्थुजींनी डबा टेबलावर ठेवला, बाह्या वर केल्या.

"आंधीच सांगाचं असतं," ते म्हणाले. "आन इकडं ती बाटली."

यास्मीनला फार वाईट वाटलं. नमुना तीनदा वाया गेला तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं. ती बाजूला झाली. नत्थुजींनी कॅन उचलून बाटली एकदा विसळली, दुसऱ्यांदा विसळली, आणि तिच्याकडे पाहिलं.

"आनखी?"

"आनखी एकदा."

त्यांनी बाटली पुन्हा भरली, बेसिनवर धरली, मान दुसरीकडे वळवली आणि मग पाणी ओतलं.