दुधनीहून आलेला अभिप्राय

कॉलेजच्या ग्रंथालयात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर सिद्धलिंगकाका सोलापुरातल्या एका वेबसाइटवर मैफलींची परीक्षणं लिहू लागले. एकेका परीक्षणाला चार-चार दिवस घालवायचे. आणि वाचक काय वाचायचे? तर त्याखालचा, दुधनीच्या दानेश्वरीबाईंचा अभिप्राय.

घरातही तेच.

"मी तर आधी खालचंच वाचते की," भाकरी थापता थापता त्यांची बायको चंद्रव्वा म्हणाली. "बाई मोजकं लिहिते. तुमचं आपलं संपतच नाही."

काका हसले, पण दुसरी भाकरी नको म्हणाले.

गेल्या रविवारी वचनगायनाच्या, म्हणजे कन्नड संतवचनांच्या, मैफलीला काका तिसऱ्या रांगेत होते. 'उत्तरार्धात गायिका थकली, वरच्या षड्जापर्यंत पोचेना,' असं त्यांनी लिहिलं. वेबसाइटच्या रीतीप्रमाणे अभिप्राय आधी लेखकाकडे येत. त्यानं सोडले तरच इतरांना दिसत. दानेश्वरीबाईंनी मैफल घरी मोबाइलवर ऐकली होती. परीक्षण झळकलं त्या सकाळीच त्यांचा अभिप्राय आला.

'बाई थकल्या नव्हत्या. मागं बसलेल्या शिष्येला वरचा षड्ज मिळावा म्हणून स्वतः खाली थांबल्या. पुन्हा ऐका.'

काकांनी पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा ते खरंच निघालं. तिसऱ्या रांगेत बसून आपल्याला कळलं नाही, ते हिला दुधनीत मोबाइलवर कळावं! आपल्याला कान होता तरी का कधी?

त्यांनी अभिप्राय अडवून ठेवला. 'थकली'चा परिच्छेद पुसला आणि शिष्येची गोष्ट आपल्या शब्दांत लिहिली.

दुपारपर्यंत वाचक खूश. 'काय कान आहे, काका!' संपादक प्रियदर्शनीचा फोनच आला.

"काका, कमाल केलीत! पण दुधनीच्या बाई कशा नाहीत हो आज? लोक विचारतायत."

"असतील कामात," काका पुटपुटले. आजसुद्धा लोकांना तीच हवी होती.

संध्याकाळी दानेश्वरीबाईंनी पुन्हा लिहिलं: 'काका, सुंदर टिपलंत. मीही सकाळी हेच लिहिलं होतं, पोचलं नसेल. तुमच्या शब्दांत जास्त शोभलं.'

काकांनी त्यात टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. ओळ पुन्हा पुन्हा वाचली, पण तो सापडेना. मग हेही अडवायचं? शेवटी त्यांनी सकाळचा अभिप्राय सोडला, पाठोपाठ हाही, आणि खाली लिहिलं: 'शिष्येची गोष्ट मला यांच्याकडूनच कळली. सकाळचा अभिप्राय मी अडवला होता.'

आता लोक काय म्हणतील या धास्तीनं ते बसून राहिले. तासाभरात चाळीस उत्तरं आली. 'असू द्या काका,' एकानं लिहिलं होतं. बाकी सगळे दानेश्वरीबाईंशीच बोलत होते. काका एकेक उत्तर वाचत खाली जात राहिले, निदान शिव्या द्यायला तरी कुणी आपलं नाव घेतलंय का ते पाहत.