कॉलेजातली येळवस

ढोकीच्या वाटेला हरणाबाईंनी कॉलेजसाठी पाच एकर जमीन दिली, तेव्हा एकच अट घातली होती. खोल्यांना लागेल तेवढी घ्या, उरलेली मी पेरणार. कागदावर अंगठा उठवताना त्या म्हणाल्या होत्या, "पडीक रान आन् रिकामं पोर, दोनी गावाला जड." बाईंपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. सव्वाशे एकरांची मालकीण, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, आणि जीभ अशी धारदार की पटवारीसुद्धा बोलावल्याशिवाय दारात येत नसे.

खोल्या झाल्या तीन. राहिलेल्या चार एकरांत ज्वारी उभी राहिली, आणि कॉलेजाला कुंपण म्हणून काय ते तीच. गुरुसिद्धप्पा हे तिथले प्रिन्सिपॉल. व्यापाऱ्याचा मुलगा, हैदराबादेहून बी.ए. होऊन आलेला, वय एकतीस. पेढीवर बसायचं सोडून हा माणूस तेवीस पोरं गोळा करून बसला म्हणून वडील त्याच्याशी दोन वर्षं बोलत नव्हते. निजामाचं राज्य, त्यामुळं शिकवणं उर्दूतून. समजावून सांगणं मराठीतून. आणि गुरुसिद्धप्पा फारच चिडले की दम भरणं कानडीतून.

कणसात दाणा भरला की राखणीची पाळी मात्र कुणाला चुकत नसे. सकाळचा पहिला तास सुरू व्हायच्या आधी एक जण गोफण घेऊन मचाणावर चढायचा आणि तिथंच मोठ्यानं पाठांतर करायचा. फारसीच्या बैतांना, म्हणजे दोन-दोन ओळींच्या शेरांना, पाखरं दाद देत नाहीत, भूमितीला मात्र थव्यानं उडतात, असा पोरांचा अनुभव होता. हरणाबाई बांधावर बसून ऐकत. एक अक्षर कळत नसे, पण कोण अडखळलं ते बरोबर कळे.

आता गंमत अशी, की पडीक रान गावाला जड म्हणणाऱ्या याच बाईंनी कॉलेजाला लागून असलेला तीन एकरांचा तुकडा सात वर्षं पडीक ठेवला होता. तो रामकिसनचा. बाईंचा एकुलता एक मुलगा हैदराबादला शिकायला गेला आणि तिथंच एका कचेरीत चिकटला. "पुढच्या येळवशीच्या सणाला नक्की येतो," असं पत्र दर साली यायचं. तो आला की त्याला घर बांधायला जागा हवी म्हणून बाईंनी ते रान सपाट करून घेतलं होतं, खडा न् खडा वेचला होता, आणि त्याच दगडांचं बुटकं कुंपण भोवती रचलं होतं. दरवर्षी स्वतः बसून गवत उपटायच्या. गावात त्या तुकड्याचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

थंडी पडू लागली आणि गुरुसिद्धप्पा एक लखोटा घेऊन बाईंच्या ओसरीवर आले. चेहरा पार उतरलेला.

"मावशी, तालीम खात्याचं, म्हणजे शिक्षणखात्याचं पत्र आलंय. तेवीस बहमनला हैदराबादचे साहेब कॉलेज बघायला येणार. मंजुरी दिली तर पोरं औंदा इंटरच्या परीक्षेला बसतील."

"मग तोंड का पाडलं?"

"कायदाय त्यांचा. कॉलेजाला खेळाचं मैदान पाहिजे, तीन एकर, सपाट. न्हाय तर मंजुरी न्हाय. पोरांची दोन वर्षं मातीत जातील." गुरुसिद्धप्पांनी खाली बघत पुढचं बोलून टाकलं. "तेवढी तीन एकर ज्वारी कापू द्या. नुकसान मी भरून देतो."

बाईंनी लखोटा बाजूला सारला. "ज्वारी पोटरीत हाय, मास्तर. पोटुशा पिकावर विळा चालवू म्हनता? तुमच्या बी.ए.च्या पुस्तकात बसत आसंल ते. माझ्या रानात न्हाय बसत."

गुरुसिद्धप्पांनी ओसरीवरून दिसणाऱ्या, कुंपणापलीकडच्या सपाट तुकड्याकडं एकदा बघितलं. बाईंनी ते बघणं बघितलं. मास्तर उठून गेले.

बाईंना त्या रात्री झोप लागली नाही, हे त्यांनी कुणापाशी कबूल केलं नसतं. तेवीस पोरांचे आवाज डोक्यात घुमत होते. भूमचा बलभीम, त्याच्या बापानं बैल विकून त्याला पाठवलेला. ढोकीचा नागप्पा, तो भूमितीत पहिला. पण रामकिसन आला आणि जागा नसली तर? तो म्हणेल, आईनं माझी वाट बघणं सोडलं. या एका वाक्याशी बाईंची गाडी अडे ती पुढं सरकत नसे.

दिवस उरला एक, तेव्हा आणखी एक घोळ उघडा पडला. तारीख सरकारी, निजामाच्या फसली सालातल्या बहमन महिन्याची. पंचांग काढून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. तेवीस बहमनलाच नेमकी वेळ अमावस्या. म्हणजे येळवस. त्या दिवशी या मुलखात माणूस घरात राहत नाही. कुलपं लावून सगळा गाव रानात. पोरांनी आपापल्या शेताकडं जायच्या पिशव्या भरल्या होत्या. साहेब यायचे आणि रिकाम्या भिंती बघून जायचे.

मास्तर डोक्याला हात लावून बसले. बाईंनीच तोड काढली. "कुनी कुठं जायाचं न्हाय. हितं चार एकर ज्वारी काय शोभंला हाय? येळवस कॉलेजातच करा. सयपाक माझ्याकडं."

साहेब टांग्यातून उतरले तेव्हा कॉलेजाला कुलूप होतं आणि ज्वारीतून धूर निघत होता. वाट काढत ते आत गेले, तर कडबा उभा करून केलेल्या खोपटापुढं, कोपीपुढं, चुना लावलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडलेले, तेवीस पोरं मांडी घालून बसलेली, आणि शेरवानी घातलेले प्रिन्सिपॉल हातात ताकात कालवलेल्या ज्वारीच्या आंबिलीचा तांब्या धरून उभे. साहेब वयस्कर, पांढऱ्या दाढीचे, सभ्य गृहस्थ. त्यांना काही बोलायला सवडच मिळाली नाही. येळवशीला रानात आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नाही, मग तो पाहुणा असो नाही तर सरकार. हरणाबाईंनी पत्रावळ मांडली. पालेभाज्या नि शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खिचडा, शेंगदाण्याची पोळी, वर गार आंबील. साहेब नको नको म्हणत तिसऱ्यांदा भज्जी घेऊन मोकळे झाले.

जेवता जेवताच त्यांनी पोरांची परीक्षा घेतली. नागप्पानं बोटानं मातीत वर्तुळ काढून प्रमेय सिद्ध केलं. बलभीमनं बैत म्हटली, न अडखळता. साहेबांनी मान डोलावली. हात धुतल्यावर मात्र त्यांनी खिशातून कागद काढला.

"अम्मा, खाना बहोत अच्छा हय. बच्चे भी होशियार. लेकिन मैदान किधर हय?"

पोरं जमिनीकडं बघू लागली. बलभीम ओठ आवळून बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांत काय साठलंय ते बाईंना स्वच्छ दिसलं.

सात वर्षांपूर्वीची आठवण त्यांना आली. रामकिसनसुद्धा असाच बसला होता ओसरीवर, हैदराबादला जायचा हट्ट धरून, ओठ आवळून. त्यांनीच पाठवलं होतं त्याला. कुणी पळवून नेला नव्हता. पोरगा तिकडं रुजला होता, आणि इकडं त्या सात वर्षं गवत उपटत होत्या.

"ते बगा मैदान," बाई म्हणाल्या आणि कुंपणापलीकडं बोट केलं. "तीन एकर. खडा घावला तर सांगा."

"किस का हय?"

"माझ्या ल्येकाचं." बाईंनी एकदा बलभीमकडं बघितलं. "व्हतं. आता ह्या तेवीस जनांचं."

साहेब चालत जाऊन बघून आले. एकही खडा त्यांना सापडला नाही. कोपीच्या सावलीत बसून त्यांनी मंजुरीचा शेरा लिहिला, आणि निघताना शेंगदाण्याच्या पोळ्यांची पुरचुंडी बिनतक्रार टांग्यात ठेवून घेतली. गुरुसिद्धप्पांनी वाकून बाईंच्या पायांना हात लावला. एरवी शंभर शब्द सुनावणाऱ्या बाई उष्ट्या पत्रावळी गोळा करू लागल्या.

दिवस कलला. येळवशीचा शेवटचा मान म्हणजे पिकाभोवतीचा फेरा. आंबील शिंपडत घरच्या तरुण मुलानं घालायचा. सात वर्षं तो गड्यानं घातला होता, कसाबसा. यंदा बाईंनी मडकं बलभीमच्या हातात दिलं. पोरं ओरडत, आंबील उडवत ज्वारीला वळसा घालून आली आणि कुंपणाशी थांबली.

"थांबला का रं?" बाई म्हणाल्या. "पलीकडनंबी घाला."

"तिथं पीक कुठंय, मावशी? मोकळं रान हाय ते."

हरणाबाईंनी पदर खोचला, मडक्यात हात घातला आणि कुंपण ओलांडून पहिली आंबील स्वतः शिंपडली.

"औंदा पेरलंय," त्या म्हणाल्या. "चला माझ्या मागनं."