माझ्या धुराड्यातली काजळी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. संध्याकाळ आहे, हॉटेल भरलेलं आहे आणि तुमच्या पाठीशी एक भिंत आहे. ती हळूहळू तापते आहे. जाणवतं का?

त्या भिंतीमागे मी आहे. मी पिझ्झा भाजणारी एक जुनी भट्टी.

इटलीत काम शिकून आलेल्या एका आचाऱ्याने मला स्वतः बांधलं. पहिले आठ दिवस माझ्यात त्याने फक्त मूठभर काटक्या जाळल्या. घाई केली असती तर मी तडकले असते. मग हाताने पसरवलेली पातळ पोळी, वर टोमॅटो, चीज आणि दोन हिरवी पानं. दीड मिनिटात तिच्या कडा टम्म फुगत. लोक बोटं चाटत. आचारी मात्र दर सुट्टीला लांब ब्रशने माझं धुराडं साफ करी. काळाकुट्ट होऊन घरी गेला की बायको म्हणे, "आलं माझं भूत!"

तो थकला आणि हॉटेल जावयाकडे आलं. जावई वाईट नव्हता, पण भारी उतावळा. पिझ्झाची तेलकट, रिकामी खोकी तो माझ्यातच कोंबू लागला. म्हणे, "कचराही गेला, जाळही झाला!" ब्रश कोपऱ्यात पडून राहिला. दोन वर्षांत धुराड्यात बोटभर जाड काजळी साचली. तिला एक ठिणगी पुरे होती. मला हे ठाऊक होतं, पण सांगणार कोणाला?

त्या संध्याकाळी माझ्याजवळच्या टेबलावर एक कुटुंब बसलं. आई, बाबा, आजोबा, दहा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ.

"वा! काय कुरकुरीत आहे!" आजोबा म्हणाले.

"आणि मघाशी तर दाढ दुखत होती ना तुमची?" आईने विचारलं.

तेवढ्यात जावयाने दोन खोकी माझ्यात फेकली. जळता पुठ्ठा उडून वर गेला आणि धुराड्यात काजळीने पेट घेतला. आधी नुसती सळसळ झाली. मग आत काहीतरी घोंगावू लागलं.

"बाबा, भिंतीत काहीतरी घुमतंय," मुलगी म्हणाली.

"तुझं पोट असेल. खा गुपचूप!"

मुलीने भिंतीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. भिंतीच्या रंगाला फोड आले होते.

"काका, भिंत भाजतेय!"

"भट्टीची भिंत गार कशी असेल, बेटा?" जावई म्हणाला. सगळे हसले.

मित्रांनो, आम्हाला शब्द नाहीत. आम्ही घोंगावतो, तापतो, वास सोडतो. तेच आमचं बोलणं. आम्हाला वेळेवर साफ करा, आणि आम्ही बोललो तर हसू नका.

इतक्यात काजळीचा एक लालभडक तुकडा वरून माझ्या तोंडाशी पडला. तो फक्त त्या मुलीने पाहिला.

ती कोणाला विचारत बसली नाही. तिने भावाला खुर्चीवरून उचललं आणि चालू लागली. पिझ्झाचा अर्धा तुकडा त्याच्या हातात तसाच.

"अगं, त्याला कुठे घेऊन निघालीस?" आई मागोमाग धावली. आईमागे बाबा, बाबांमागे बशी हातात धरून आजोबा.

रस्त्यावर येऊन मुलीने वर बोट दाखवलं. माझ्या धुराड्यातून हातभर ज्वाळा बाहेर येत होत्या.

मुलीने भावाला आईच्या कडेवर दिलं, हॉटेलचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून जीव खाऊन ओरडली, "सगळे बाहेर या! आत्ताच्या आत्ता!"