अबुग्रेची अदब

मी दप्तरखान्यात रुजू झालो तेव्हा वाळवंटाकडचा कोरडा वारा सुटला होता आणि प्रत्येक गठ्ठ्यावर लाल धुळीचा थर होता. कागद दुरुस्तीच्या खोलीत माझ्यासमोर अबुग्रे बसायचा. वयाने माझ्या बापाएवढा, जमातीने फ्राफ्रा. मी दगाबा. आमच्या दोन जमातींचं नातं खापरपणजोबांपासून थट्टेचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, खाण्यापिण्यावरून टोमणे मारायचे, आणि रागवायचं नाही. जो रागावला तो माणसातून उठला.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "आलास का गुलामा? जेवणात कुत्र्याचं डोकं माझं, शेपूट तुझं. आधीच सांगून ठेवतो."

"इतकी डोकी खाऊनही अक्कल आली नाही का रे म्हाताऱ्या?" मी म्हटलं, आणि आमचं जमलं.

उन्हाळाभर आम्ही खळ शिजवली, वाळवीने चाळण केलेल्या पानांना पातळ कागद डकवला, आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवला. त्याचा थोरला मुलगा अडुको तीनचाकी चालवायचा. दुपारी बापाचं जेवण घेऊन आला की आधी विचारायचा, "हा गुलाम अजून खपला नाही?" मग डबा उघडायचा आणि पहिला घास मला द्यायचा. मला त्या बापलेकांचा लळा लागला होता, खोटं कशाला बोलू.

पेरणीच्या तोंडावर एकाच नकाशासाठी माणसं येऊ लागली. अबुग्रेच्या गावात ओढ्याकाठी भाताची सखल जमीन होती. तिच्यावर त्याचं घराणं आणि ओढ्यापलीकडचं घराणं, दोघंही हक्क सांगत होते. जुन्या गोऱ्या साहेबाने सीमा ओढ्याच्या मधोमध आखली होती, पण ओढा कधीच जागा सोडून सरकला होता. हा नकाशा तुमचं भांडण मिटवायचा नाही, असं मी दोन्हीकडच्यांना समजावलं. त्यांनी माना डोलावल्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. आधी वेगवेगळ्या दिवशी यायचे, मग एकाच दिवशी येऊन एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसू लागले.

मग यायचेच बंद झाले. वाचनखोली शांत झाली म्हणून आमच्या मुख्य बाई खूश होत्या. मला मात्र ते चांगलं लक्षण वाटेना. कागद बघायची गरज उरली नाही म्हणजे काय करायचं ते ठरलं.

पावसात छत गळलं. भिजलेले गठ्ठे आम्ही दोरीवर वाळत घातले. मी अबुग्रेला डिवचायचो आणि तो नुसता हूं म्हणायचा. अडुको डबा दारातच ठेवून जाऊ लागला.

कापणीच्या आदल्या सकाळी अबुग्रे आला, टोपी काढली, आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "डाकुराभाऊ, रात्री झोप लागली ना नीट? घरी बायकामुलं, गुरंढोरं, सगळं बरं आहे ना?"

मला अर्थ लगेच कळला. थट्टेच्या भावाने वाट अडवली तर हातात धनुष्य असलेल्यानेही थांबायचं, असा आमचा रिवाज आहे. म्हणून ज्याला थांबायचंच नसतं तो आधी ते नातं उतरवून ठेवतो, आणि मग परक्याची करावी तशी अदबीने विचारपूस करतो.

मी ठाण्यावर गेलो. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याने तुमची ख्यालीखुशाली विचारली, हाच ना गुन्हा?"

परत आलो तर अबुग्रे गावी जायला निघाला होता. मी दारात आडवा झालो. खळ सांडलेल्या फरशीवर, चांगल्या शर्टानिशी.

"म्हाताऱ्या, जायचं असेल तर आधी मला विकून ये," मी म्हटलं. "गिऱ्हाईक मिळेपर्यंत बस इथेच."

तो हसला असता तर त्याला थांबावं लागलं असतं. त्याचे ओठ हलले आणि मला वाटलं, जिंकलो. मग वाकून त्याने माझ्या खांद्यावरची धूळ झटकली, "माफ करा," म्हणाला, आणि मला ओलांडून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. भाताच्या शेतातच त्याच्या गळ्यात बाण लागला होता.

मयताला थट्टेच्या भावाने मेलेल्याची नक्कल करायची असते, ती मी केली. अबुग्रेची टोपी घातली, त्याच्यासारखा डावा पाय ओढत अंगणभर फिरलो, रडणाऱ्या बायकांना विचारलं, "कुत्र्याचं डोकं कुठे लपवलंत?" त्या डोळे पुसता पुसता हसल्या. मला रडू आवरेना, तरी फिरतच राहिलो.

शेवटी अडुकोसमोर येऊन उभा राहिलो. "गुलामाच्या पोरा, बाप गेला, आता तुला कोण विकत घेणार?"

अडुको उठला. त्याने स्वतःची टोपी काढली आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "वाटेत काही त्रास नाही ना झाला तुम्हाला? घरी सगळे बरे आहेत ना?"