मिस्टर नेस्बींची नवी बंदूक

"परत अडकली," म्हणत मिस्टर नेस्बींनी नवी कोरी पंप बंदूक डोरीनच्या टेबलावर ठेवली. "आठवडा नाही झाला आणून. हल्ली कारखान्यात बंदुका करतात की पत्र्याची खेळणी, देव जाणे."

डोरीनने नळी भिंतीकडे वळवली आणि आत काडतूस नाही ना, ते बोटाने चाचपून पाहिलं. "नेमकं होतं काय?"

"पहिला बार झकास. मग पुढची मूठ मागे ओढतो, पुन्हा पुढे ढकलतो, तर रिकामं काडतूस तोंडातच अडकून बसतं. जुनी बंदूकही या वसंतापासून हेच नखरे करायला लागली, म्हणून ती पुतण्याला देऊन टाकली. ही तर तिच्यावर कडी निघाली."

डोरीन पन्नाशीची. वडिलांमागे तेवीस वर्षं तीच गावच्या बंदुका दुरुस्त करत होती. पण मिस्टर नेस्बींपुढे ती अजून शाळकरीच. दहा वर्षं त्यांच्या पिवळ्या बसने ती शाळेत गेली होती. हिमवादळात तिच्या घराचं दार उघडून पोरगी आत गेलेली दिसेपर्यंत हा माणूस बस हलवायचा नाही.

"कारखान्यातलं ग्रीस पुसलंत का?"

"नव्या बंदुकीला कशाला हात लावायचा?"

"गावातल्या निम्म्या बंदुका याच शहाणपणाने अडकतात, मिस्टर नेस्बी. थंडी पडली की ते ग्रीस मेणासारखं घट्ट होतं."

म्हातारा खुलला. डोरीनलाही हायसं वाटलं. तिने बंदूक खोलली, सगळं ग्रीस पुसलं, काडतूस ओढणारी नखी तपासली, हलकं तेल दिलं. मग दोघं दुकानामागच्या मातीच्या बांधाशी गेले. डोरीनने पाच बार काढले आणि पाचही रिकामी काडतुसं गवतात पडली.

"बापाची लेक शोभतेस," मिस्टर नेस्बी म्हणाले.

"आता तुम्ही."

त्यांनी बार काढला, मूठ ओढली, ढकलली. अडकली.

"पुन्हा एकदा," डोरीन म्हणाली. या खेपेला तिने बंदुकीकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या डाव्या कोपराकडे बघत होती. मूठ शेवटपर्यंत येतच नव्हती. इंचभर अलीकडे हात थांबायचा आणि पुढे परतायचा. तिसऱ्यांदाही तसंच झालं.

शनिवारी दुपारी बारा वाजता फेझंट पक्ष्यांची शिकार खुली होणार होती. सगळं गाव मक्याच्या शेतात वीस-वीस पावलांवर एका रांगेत चालायचं. ज्यांना चालणं जमत नाही ते पलीकडच्या टोकाला, रांगेपुढे उडून येणाऱ्या पक्ष्यांची वाट बघत उभे राहायचे. मिस्टर नेस्बी अठ्ठावन्न वर्षं रांगेत चालले होते. पण अडकलेल्या बंदुकीशी झटापट करणारा माणूस रांगेत असला, की डावी-उजवीकडच्यांच्या जिवाशी खेळ. एखादी स्प्रिंग मागवायची आहे असं सांगून बंदूक सोमवारपर्यंत ठेवून घ्यावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण या माणसाशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"मिस्टर नेस्बी, बंदूक ठणठणीत आहे."

त्यांनी बंदूक खाली केली. "मला वाटलंच होतं."

"मग आणलीत कशाला?"

"तुला काहीतरी सापडेल, अशी आशा होती." ते हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं. मी तर अंगणच नवं घेऊन आलो."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"मार्चमध्ये. अर्धांगाचा बारीकसा झटका येऊन गेला म्हणाले. कुणाला बोललो नाही. तूही बोलू नकोस, पोरी."

"नाही बोलणार." तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. गार पडला होता. मग दोघं कॉफी प्यायला आत आले.

शनिवारी सगळे केशरी टोप्या घालून शेताच्या कडेला जमले. पलीकडच्या टोकाला जाणाऱ्यांची गाडी सुरू झाली, तेव्हा मिस्टर नेस्बी कुणी काही म्हणायच्या आत तिच्यात चढून बसले. "तिकडून तुमची गंमत बघतो. आणि नेम धरून मारा, नाहीतर सगळे पक्षी माझ्याकडेच येतील."

कुणी हसलं, कुणी वाकून बुटाची नाडी बांधू लागलं. दरवर्षी रांग लावणाऱ्या थोरल्या कार्स्टनने डोरीनकडे पाहिलं. ती आपल्या बंदुकीत काडतुसं भरू लागली.

बारा वाजले आणि रांग निघाली. डोरीन आणि कार्स्टन यांच्यामध्ये मिस्टर नेस्बी चालायचे. सरकून जागा भरून काढा, असं एरवी कार्स्टनच ओरडला असता. आज तो आपल्या सरीतून हलला नाही. डोरीनही हलली नाही.

अर्ध्या शेतात एक मोठा नर फेझंट मक्यातून दबकत आला, दोघांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेतून पळत मागे गेला आणि पार लांब जाऊन उडाला. सगळ्या रांगेने तो पाहिला. मधली जागा तशीच सोडून रांग पुढे चालत राहिली.