गाळलेला वार

जिवली धवलेरीण म्हणजे जहाल बाई. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर लग्न निघालं की भटाची वाट कुणी बघायचं नाही, जिवलीला बोलावणं जायचं. ती मांडवात धवले गायची, देवांची नि दोन्ही कुळांची नावं गाण्यात गुंफायची, आणि तिचा शेवटचा धवला झाला की लग्न लागलं. मग खुद्द कलेक्टर आला तरी ते मोडायची बिशाद नाही.

अशा बाईला भर मांडवात झटका आला. उजवा हात आपोआप उडायला लागला, तोंड वाकडं झालं, आणि घटकाभरात सगळं होतं तसं. बायका म्हणाल्या, दृष्ट लागली. "दिष्ट लागाय मी काय नवी नवरी हाय?" असं म्हणून जिवलीनं उरलेला धवला पुरा केला नि मगच ती खाली बसली.

झटके काही थांबेनात. तेव्हा तिचा नवरा बुधू तिला मुरबाडच्या धर्मादाय दवाखान्यात घेऊन गेला. मुंबईचे एक मेंदूचे डॉक्टर पंधरवड्यातून एकदा तिथं यायचे. २००७ साल होतं ते. डॉक्टरांनी तिला मुंबईला बोलावून मशीनमध्ये निजवलं, आणि पुढच्या खेपेला मुरबाडला येताना तिच्या मेंदूचं चित्र लॅपटॉपमध्ये घालून आणलं.

चित्र बघून जिवली हसलीच. निळे, हिरवे, तांबडे दोरेच दोरे, गोधडी उसवल्यासारखे.

"आगं बया! येवढा गुंता? माझ्या डोसक्यात?"

"सगळ्यांच्याच डोक्यात असतो," डॉक्टर म्हणाले. माणूस सरळ होता. "मेंदूत पाणी असतं. ते तंतूंच्या बाजूनं, त्यांच्या लांबीनं सरकतं. मशीन त्या पाण्याचा कल धरतं, आणि त्यावरून आम्ही तंतूंच्या वाटा काढतो."

"म्हंजे पाट कुठनं ग्येलाय ते पाण्यावरनं वळखायचं."

"तसंच. हा निळा पाट हाताचा. हा हिरवा बोलण्याचा. आणि ही मधली काळी जागा म्हणजे गाठ. ती काढायलाच हवी. आत शिरायला दोन वाटा आहेत. वरनं गेलो तर हाताला धोका, बाजूनं गेलो तर बोलण्याला. आम्ही बाजूनं जायचं ठरवलंय."

जिवलीचं हसू मावळलं. "बाजूनं का?"

"तुमचं बोलणं तसंही बिघडायला लागलंय. निदान हात तरी वाचवू."

"माझं बोलनं? बिघडलं?" जिवली खुर्चीतून उठलीच. "कुन्या मेल्यानं सांगितलं?"

कोपऱ्यात समीक्षा उभी होती. कल्याणहून येणारी, बोलण्याच्या तपासण्या घेणारी पोरगी. ती चाचरत म्हणाली, "मावशी, सकाळी मी तुम्हाला आठवड्याचे वार विचारले ना? तीनदा विचारले. तिन्ही वेळा तुम्ही मंगळवारवरून थेट गुरुवारवर गेलात. मधला वार तुम्हाला येतच नव्हता."

"तो वार माझ्या तोंडात नाय येत."

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "येत नाही, म्हणजे तिथं काहीतरी बिघाड आहे."

"आवं येत नाय म्हंजे घेत नाय!" जिवलीनं कपाळावर हात मारला. बाईमाणसानं एक वार गाळला तर का गाळला, हे कुणालाही कळतं, अशी तिची समजूत होती. म्हणून सकाळी तिनं काही सांगितलंच नव्हतं. आता सांगायचं तरी कसं? सांगायला गेलं तर तोच शब्द आडवा येणार. तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "ह्यांना इचारा. ह्यांचं नाव इचारा!"

डॉक्टरांनी बुधूकडं पाहिलं. बुधूनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बुधू," तो म्हणाला.

समीक्षाचा हात तोंडावर गेला. डॉक्टर आधी तिच्याकडं आणि मग चित्राकडं बघत राहिले. हिरवा पाट गाठीला वळसा घालून पार टोकापर्यंत गेला होता, कुठंही तुटला नव्हता.

"चित्रात हा सलगच दिसत होता," ते म्हणाले. "मलाही खटकलं होतं. पण तपासणीत चूक निघाली म्हणून मी चित्राकडं काणाडोळा केला. चुकलंच माझं." मग जरा थांबून म्हणाले, "खात्रीसाठी एकदा तेवढा वार म्हणून दाखवा, म्हणजे झालं."

"म्हण गो," बुधूही म्हणाला. "म्या काय मरत नाय."

"नाय म्हननार!" जिवलीचा आवाज चढला. "माझी जीभ हाय. कुठं चालवायची नि कुठं आवरायची, ते मी बघीन. आवरता येती म्हंजेच ती धड हाय. खात्री पायजे ना? ऐका मंग."

आणि दवाखान्याच्या त्या खोलीत तिनं धवला लावला. धरतरीपासून सुरुवात केली, गावदेवीला हाक घातली, मग मुरबाडपासून टोकावड्यापर्यंतची कुळं एकेक करत मांडवात आणून बसवली. बाहेरच्या बाकावरचे रोगी दारात येऊन उभे राहिले. एक शब्द अडखळला नाही.

"पुरे, पुरे," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसू आलं होतं. "बोलणं शाबूत आहे. पण दोन्ही पाट धड असले तरी आत शिरायची एक वाट निवडावीच लागेल. गाठ अशी बसलीय की काही ना काही दुखावणार."

"मंग हात राखा," बुधू घाईनं म्हणाला. "लावनी, कापनी, चूल, समदं हातावर हाय आमचं. गान्यानं प्वाट भरतं का, डाक्टर?"

जिवलीला भीती वाटत होती. का नाही वाटणार? उजवा हात लुळा पडलेली म्हातारी त्यांच्याच पाड्यात होती, तिचे हाल जिवलीनं डोळ्यांनी पाहिले होते. तिनं आपला हात उलटासुलटा करून बघितला. मग तो पदराखाली घेतला.

"रविनाच्या बा, हाताला हात मिळंल. तुमचा हाय, पोरीचा हाय. माझ्या जागी गायाला कुनाची जीभ आनाल? सासूनं हे धवले मला दिले, मी अजून कुनाला पुरते दिले नाय. डाक्टर, वरनं जावा."

"आगं पन—"

"डोस्कं कुनाचं हाय?" ती कडाडली. बुधूनं टोपी परत डोक्यावर घातली.

डॉक्टर वरूनच गेले. गाठ निघाली, झटके थांबले. उजव्या हाताची बोटं मात्र मिटली ती मिटलीच. जिवली आठवडाभर रडली, कुणाला दिसू न देता. मग डाव्या हातानं भाकरी थापायला शिकली. भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायच्या, बुधू मुकाट्यानं खायचा.

वैशाखात पाड्यातल्या देवजीच्या पोराच्या लग्नाचं बोलावणं आलं. मांडव भरला होता. जिवलीनं डाव्या मुठीत अक्षता घेतल्या, तसा नवऱ्यामुलाचा चुलता पुढं आला.

"डाव्या हातानं अक्षता? आपशकून हाय त्यो. दुसरी धवलेरीण बघा."

बुधू खाली मान घालून उभा होता.

"बघ की," जिवली म्हणाली. "हात दोन घेऊन येनाऱ्या लय भेटतील तुला. पन त्यांना तुझ्या आज्याचं नाव येतं का? पनज्याचं? तुझ्या कुळाचा देव कंच्या डोंगरावनं आला, ते येतं?"

चुलत्याला स्वतःलाही येत नव्हतं.

"मंग बाजूला हो," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्याच पणज्याच्या नावानं धवला उचलला.